मागं कोण म्हणणार?

सप्ताहातलं रात्रीचं कीर्तन आटोपलं, की मुठा खोऱ्यात दुसरी बैठक भरते. पत्रिकेत तिचा उल्लेख नसतो. मंडपामागं, जेवणावळीची पातेली घासून उपडी घातलेली असतात तिथं, टाळकरी, पखवाजवाले, पेटीवाले आणि जागराची पाळी असलेले चारदोन जण चहा घेत बसतात. बुवांच्या निरूपणावर इथं फारसं कुणी बोलत नाही. बोलणं असतं चालींवर. आज बुवांनी तुकोबांचा अभंग कोणत्या चालीत सोडला, ती चाल आळंदीची की कॅसेटमधली, गायनाचार्यांनी तिसऱ्या चरणाला पट्टी उगाच चढवली का, गौळण म्हणून जे म्हटलं ते मुळात सिनेमातलं होतं का. कुणा गायकाचा नवा अल्बम आलेला असला, तर मोबाइल मधोमध ठेवून तोही ऐकला जातो. निकाल लागायला दोन मिनिटं पुरतात. आवाज चांगला, शब्द चांगले, वाजवलंय झकास, इथपर्यंत एकमत होतं. मग कुणीतरी विचारतं, मागं कोण म्हणणार?

हा प्रश्न परीक्षेचा आहे. वारकरी भजनात एकट्यानं गाणं हा प्रकारच नाही. एक जण चरण सोडतो, बाकीचे धृपद धरतात. चाल दुणात जाते, टाळांचा नाद चढतो, पखवाजावर थाप बदलते, पुन्हा धृपद. तीन चरणांचा अभंग पंधरा-वीस मिनिटं चालू शकतो तो या मागं म्हणणाऱ्यांच्या बळावर. एकाच गळ्यासाठी बांधलेली चाल, जिच्यात बारीक हरकती आहेत, मध्येच समेवर न येता पुढं सरकणाऱ्या ओळी आहेत, ती चाळीस जणांच्या तोंडी बसत नाही. आणि जी बसत नाही, ती इथल्या मंडळींच्या लेखी ‘ऐकायची’ असते, ‘म्हणायची’ नव्हे. ऐकायच्या गाण्यांना ते वाईट म्हणत नाहीत. फक्त त्यांचं कपाट वेगळं.

अध्यात्म हा विषय घेऊन एखाद्या गीतकारानं, संगीतकारानं किंवा गायकानं स्वतंत्र अल्बम केला, की त्याचे चाहते काय बोलतात, याचा विचार करताना मला ही बैठक आठवते. शहरात अशा अल्बमवर चर्चा होते ती कलावंताच्या अंगानं: तो बदलला का, त्याला खरंच काही गवसलंय का, की वय झालं म्हणून देव आठवला. मुठा खोऱ्यात चर्चा अल्बमच्या उपयोगाची होते. आणि हे लोक चाहते नाहीत असं कुणी समजू नये. भीमसेनांची संतवाणी यांना मुखोद्गत आहे, प्रल्हाद शिंद्यांच्या आवाजातला बारकासा खर्जही ते ओळखतात.

मुठा हे मुळशी तालुक्यातलं गाव पिरंगुटहून उरवड्यावरून लवासाकडे जाणाऱ्या रस्त्यावर लागतं. पुढं लवार्डे, मग टेमघरचं धरण. गावाचं नाव तेच नदीचं. पुण्यात संगमावर ती मुळेला मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेत जाते, आणि तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. म्हणजे हिशेबानं इथलं पाणी दरसाल वारीला जातं. अर्थात वाटेत पुणेकर पिऊन जे उरेल तेवढंच. माणसांना मात्र आषाढीला जाणं अवघड. पालख्या निघतात त्या दिवसांत या खोऱ्यात चिखलणी आणि भाताची लावणी असते, आणि लावणी टळली की वर्ष गेलं. त्यामुळं पुष्कळांची पंढरी गावातच होते. भात घरात आलं, खळी मोकळी झाली, की सप्ताह बसू लागतात: काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन, जागर आणि शेवटी काला. देहू इथून फार दूर नाही. तुकोबा हा इथल्या बोलण्यात ऐतिहासिक पुरुष नसतो, शेजारच्या गावचा असतो.

चालींची शिस्त बहुतांशी आळंदीहून आली. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली तिथं वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथं शिकलेली मुलं गावोगाव कीर्तनकार, गायनाचार्य, मृदंगाचार्य म्हणून गेली आणि त्यांच्याबरोबर एक ठरीव चालसंग्रहही गेला. त्याला मंडळी ‘वारकरी चाल’ म्हणतात. दुसरा झरा रेकॉर्डचा. त्याला ‘संगीत चाल’ म्हणतात, आणि हे विशेषण कधी कौतुकाचं असतं, कधी टोमण्याचं. गेल्या नव्वद वर्षांतला सगळा वाद या दोन झऱ्यांच्या मध्ये उभा आहे.

रेकॉर्डनं अभंगाला पहिला धक्का दिला तो वेळेचा. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळत. तेवढ्यात धृपद, तीन चरण, मधलं वादन आणि नाममुद्रेची ओळ आटपायची. गजराला जागा कुठून असणार? मागं म्हणणारे गेले, त्यांच्या जागी सारंगी नाहीतर ऑर्गन आला. अभंग पहिल्यांदा एका माणसाचा झाला. पुढं एलपीनं एका बाजूला वीसेक मिनिटं दिली, कॅसेटनं तासभर दिला, पण तोपर्यंत सवय पडून गेली होती. तासभराच्या कॅसेटमध्येही चार-पाच मिनिटांचे तुकडेच भरले गेले.

दुसरा धक्का जास्त गमतीचा आहे. १९३६ साली पुण्यात प्रभात कंपनीनं ‘संत तुकाराम’ काढला. दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचं, संगीत केशवराव भोळे यांचं, तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस. मुंबईत सेंट्रल सिनेमात तो सत्तावन्न आठवडे चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. लोक पागनिसांच्या पाया पडत. चित्रपटात तुकोबांचे मूळ अभंग होते, पण बीज, अंकुर आणि वृक्ष यांच्या रूपकातून एकच ब्रह्म सांगणारं एक गाणं शांताराम आठवल्यांनी नव्यानं लिहिलं होतं. ते इतकं तुकोबांचं वाटलं, की गाथेत ते कुठं आहे म्हणून जाणत्यांनी शोधाशोध केली, ही आठवण मराठी चित्रपटाच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. आपल्याला हाच सापडला नसेल, असं एखाद्या अभ्यासकाला वाटणं अगदी शक्य आहे. गंमत अशी, की त्या गाण्यात ‘तुका म्हणे’ नाही. आठवल्यांनी तुकोबांची मुद्रा उसनी घेतली नाही. सही नसलेलं पत्रही लोकांनी देहूच्याच पत्त्यावर पोचवलं.

आठवले पुढं स्वतः दिग्दर्शक झाले, ‘वहिनीच्या बांगड्या’ आणि ‘शेवग्याच्या शेंगा’ त्यांचेच. पण ते एक गाणं त्यांच्या हातून सुटलं ते सुटलंच. मुळशीतल्या एखाद्या मंडळाच्या वहीत ते तुकोबांच्या अभंगांच्या रांगेत उतरवलेलं असलं, तर मला त्यात चूक काढावीशी वाटणार नाही. भजनाची वही हा ग्रंथ नसतो. ती हातानं उतरवून घेतलेली असते, पिढीगणिक नव्या वहीत जाते, आणि जाताना कवीचं नाव, चित्रपटाचं नाव, असल्या गोष्टी गळून जातात. राहतो तो शब्द आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेली चालीची खूण.

अशी नावं गळून गेलेली गाणी मोजायला बसलं तर रात्र सरेल. देवाला वेडा कुंभार म्हणणारं गाणं गदिमांचं आहे, १९६१ च्या ‘प्रपंच’मधलं, सुधीर फडक्यांनी चाल देऊन गायलेलं. देहाला तिजोरी म्हणून देवाला दार उघडायला सांगणारं गाणं जगदीश खेबुडकरांचं, १९७२ च्या ‘आम्ही जातो अमुच्या गावा’मधलं. तो चित्रपट तीन चोरांचा. चोरांच्या गोष्टीतलं तिजोरीचं गाणं आज काकड्यानंतर डोळे मिटून म्हटलं जातं, यात विसंगती आहे असं कुणाला वाटत नाही. मलाही वाटत नाही; वाल्याची गोष्ट ज्यांच्या घरात आहे त्यांना ती का वाटावी? पंढरपूरच्या गजराचं जे गाणं कुठल्याही दिंडीत ऐकू येतं, ते अशोकजी परांजपे यांनी ‘गोरा कुंभार’ या नाटकासाठी लिहिलं, जितेंद्र अभिषेकींनी बांधलं आणि प्रकाश घांग्रेकरांनी गायलं. आणि पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या पावलांचं, प्रल्हाद शिंद्यांच्या आवाजातलं गाणं? ते दत्ता पाटलांनी लिहिलं, मधुकर पाठकांनी चाल दिली. शिंद्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक. पाटलांचं नाव विचारून बघा.

याच गदिमांच्या बाबतीत उलटही घडलं आहे. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं आणि वर्षभर आठवड्याला एक गीत याप्रमाणं छप्पन्न गीतं झाली. लोकांनी रेडिओला हार घातले, पुढं उदबत्त्या लावल्या. तरी गीतरामायण हे गदिमांचं आणि सुधीर फडक्यांचं, म्हणजे बाबूजींचं आहे, हे कुणी विसरलं नाही. कारण साधं आहे. दर आठवड्याला निवेदक नाव घेत होता, पुढं पुस्तक निघालं, आणि बाबूजी ते शेवटपर्यंत स्वतः गात राहिले. शिवाय गीतरामायण म्हणायला सोपं नाही. जे लोकांना सहज उचलता आलं नाही ते कवीच्या नावावर राहिलं, जे उचलता आलं ते लोकांनी नेलं. संतांना हे आधीच कळलं असावं. म्हणून तर त्यांनी आपलं नाव शेवटच्या चरणात, वृत्ताच्या आत, असं बसवलं की ते काढलं तर ओळच मोडते. नामदेवाचा नामा, जनाबाईची नामयाची जनी, तुकोबांचा तुका. आपल्या काळात हे तंत्र तुकडोजी महाराजांनी वापरलं. खंजिरीवर गाताना ते लोकप्रिय चाली बिनदिक्कत घेत, पण मुद्रा स्वतःची ठेवत, आणि त्यांचं भजन आजही त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. चित्रपटाच्या गीतकाराला ही सोय नव्हती. पडद्यावरच्या चोरानं ‘जगदीश म्हणे’ कसं म्हणायचं?

ही सगळी गाणी मुठा खोऱ्यात आली कशी, हाही एक प्रवासच आहे. मुंबईचे डबेवाले बहुतेक मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातले. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली ही सेवा सुरू केली तेव्हापासून या डोंगराळ गावांतून माणसं मुंबईला जात राहिली. डबेवाला दिवसा सायकलवर आणि लोकलच्या लगेजच्या डब्यात, संध्याकाळी खोलीवर भजनात. लोकलच्या डब्यातली टाळांची भजनं ही मुंबईची जुनी चीज, आणि ती म्हणणाऱ्यांत घाटावरचे असतातच. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या तेव्हा गावी येताना पिशवीत कपड्यांबरोबर दोन-चार कॅसेट येऊ लागल्या. टेपरेकॉर्डर पारावर लागला की एक कॅसेट सगळं गाव ऐकायचं. चाल बसेपर्यंत रिवाइंड, पुन्हा प्ले. तेवढ्यात फीत अडकायची आणि पेन्सिल शोधली जायची. गुरुजी नसलेल्या मंडळांचा गुरुजी म्हणजे ही फीत. म्हणून ‘कॅसेटमधली चाल’ असं नाक मुरडून म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. आळंदीला जाऊन चार वर्षं शिकण्याची ऐपत आणि सवड सगळ्यांना नव्हती.

सिनेमाच्या चालीवरचा वाद मात्र आजही तितकाच तापतो. जुने लोक म्हणतात, चाल ऐकताच पडद्यावरची नटी डोळ्यांपुढं येते, विठ्ठल येत नाही. तरुण म्हणतात, ज्यानं तो सिनेमा पाहिलाच नाही त्याच्या डोळ्यांपुढं नटी कुठून येणार? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. चालीची उसनवारी भजनाला नवी नाही. कीर्तनकारांनी नाट्यपदांच्या चाली अशाच घेतल्या, आणि त्या वेळीही म्हातारे असेच चिडले असणार.

जगात इतरत्र या उसनवारीला कोर्टात जावं लागतं. जॉर्ज हॅरिसन हा बीटल्सपैकी एक, आणि त्यानं आपलं पहिलं स्वतंत्र काम केलं त्यातला मोठा भाग आपल्या मुंबईत ध्वनिमुद्रित झाला: जानेवारी १९६८, एचएमव्हीचा स्टुडिओ, ‘वंडरवॉल म्युझिक’. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, आशीष खान यांचा सरोद. बीटल्स फुटल्यावर १९७० च्या अखेरीस त्याचा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ आला. त्यात ईश्वराला आळवणारं एक गाणं आहे, ज्यात मागचा घोष आधी ‘हालेलुया’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याच्या नकळत ‘हरे कृष्ण’वर येतो. गाणं जगभर गाजलं. चाहत्यांत वाद झाला तो हाच, की हा माणूस प्रार्थना करतोय की प्रचार. मग दुसऱ्या एका जुन्या गाण्याच्या चालीवरून खटला झाला आणि १९७६ मध्ये न्यायालयानं निकाल दिला, की हॅरिसननं ती चाल न कळत उचलली आहे. मुठ्यातल्या पेटीवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणेल, न कळत कशाला, आम्ही कळून उचलतो.

पण मला त्या गाण्यातली दुसरी गोष्ट चटका लावते. मागचा तो सगळा घोष हॅरिसननं स्वतःच गायला आहे. एकच आवाज थरावर थर चढवून गर्दी केली, आणि तबकडीच्या वेष्टणावर त्या गर्दीला गमतीनं एका गायकवृंदाचं नाव दिलं. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध माणसांपैकी एक, नामस्मरणाचं गाणं करतो, आणि मागं म्हणायला तोच. मंडपामागच्या बैठकीत या अल्बमचा निकाल काय लागला असता? माझा अंदाज, चाल पास झाली असती. धृपद सोपं आहे, फिरून फिरून येतं, टाळावर बसतं.

बॉब डिलनचं नशीब वेगळं. त्यानं ऑगस्ट १९७९ मध्ये ‘स्लो ट्रेन कमिंग’ काढला, ख्रिस्ताला शरण गेल्याची गाणी केली, आणि नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमांत जुनं एकही गाणं गायला नकार दिला. त्याच्या श्रोत्यांतले पुष्कळ जण खवळले. त्यांना डिलन हवा होता, डिलनचा देव नको होता. आपल्याकडं हा पेच सहसा येत नाही. भीमसेन जोशींनी अभंग गायले तेव्हा ख्यालाच्या श्रोत्यांतून काही नाकं वर झाली असतील, पण कुणी पैसे परत मागितले नाहीत. पुणे आकाशवाणीवरच्या राम फाटकांनी नामदेवांच्या एका अभंगाला दिलेली चाल भीमसेनांनी गायली, आणि पुढं संतवाणीचे कार्यक्रम हाच एक वेगळा संसार झाला. खेड्यातून आलेला वारकरी आणि सवाई गंधर्वचा सीझन तिकीटवाला एकाच सतरंजीवर बसला, असे प्रसंग महाराष्ट्रात फार नाहीत. आणि मंडळींनी भीमसेनांचं काय घेतलं? ताना नाही घेतल्या. धृपदाची पकड घेतली, विठ्ठल या शब्दावरचा जोर घेतला, आणि तेवढं मंडळात जिरवून टाकलं.

सर्वांत मोठी फूट पडते ती ‘अभंग तुकयाचे’वरून. सत्तरच्या दशकातली ही एलपी. तुकोबांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचं संगीत आणि लता मंगेशकरांचा एकटा आवाज. मराठी भक्तिसंगीतातलं हे शिखर आहे असं मी मानतो, आणि बैठकीतही त्याला कुणी नाही म्हणत नाही. पण त्यातल्या चाली भजनात फारशा म्हटल्या जात नाहीत. खळ्यांची चाल साधी वाटते आणि गायला घेतली की पायाखालची पायरी सरकते. एवढा मोठा गायकवर्ग त्यांना वचकून होता, तिथं टाळकऱ्यांची काय कथा. लय संथ, ओळ अनपेक्षित सुरावर थांबते, आणि धृपदाकडं परत येण्याची घाईच नाही. मागं म्हणणाऱ्याला ज्या ठिकाणी उडी घ्यायची सवय असते, तिथं खळ्यांनी नेमकी शांतता ठेवली आहे. म्हणून निवाडा ठरलेला: ऐकायचं. त्यापुढं कुणी एक पाऊल टाकून असंही म्हणतो, की हे अध्यात्म नव्हे, हे संगीत. अध्यात्म असतं तर दहा जणांना पोटात घेतलं असतं.

इथं मी बैठकीशी भांडतो. आणि भांडण्यासाठी मला मुळशीबाहेर जावं लागत नाही.

याच डोंगरपट्ट्यात, मुळशी आणि मावळच्या वाड्यावस्त्यांवर, हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी ऐंशीच्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून ही दोघं त्या गावांत गेली होती. पुढं काम महाराष्ट्रभर पसरलं, बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणं केली, आणि हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं त्या लोकांपुढं आणायला घेतल्या आहेत. ओव्यांत काय नाही? सासर, माहेर, भाऊ, दुष्काळ, बाबासाहेब आंबेडकर. आणि विठ्ठल, पानोपानी. तो तिथं देव कमी आणि घरचा माणूस जास्त आहे. रुक्मिणी त्याच्यावर रुसते, जनीवरून त्याला बोलते, आणि दळणारी बाई तिची बाजू घेते.

ही ओवी कोण म्हणत होतं? पहाटे, सगळं घर झोपलेलं असताना, एक बाई. फार तर खुंट्याला दुसरा हात लावायला जाऊ नाहीतर लेक. टाळ नाही, पखवाज नाही, मागं म्हणायला दगड. तरी ती विठ्ठलाशी बोलत होती. ज्या घरातले पुरुष चाळीस जणांच्या गजराशिवाय देव यायचा नाही असं म्हणत होते, त्याच घरात तो रोज पहाटे एका आवाजाला येत होता. पिठाच्या गिरण्या आल्या, बायकांचे कष्ट कमी झाले, जाती माळ्यावर गेली आणि तो आवाजही थांबला. त्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. ज्यानं दहा पायल्या दळलं नाही त्यानं जात्याची हळहळ करू नये. पण एकट्या आवाजाचं अध्यात्म मुळशीत नव्हतं असं कुणी म्हटलं, तर ते मला मान्य नाही. तुकोबाही भंडाऱ्यावर आणि भामचंद्रावर एकटेच जाऊन बसत होते. चौदा टाळकरी होते ते डोंगर उतरल्यावर.

लताबाईंची ती तबकडी मला त्या जात्याच्या कुळातली वाटते. लय दळणाची आहे, थांबणं श्वासाचं आहे, आणि सासरी निघालेल्या मुलीचा दाखला देणारा जो अभंग त्यात आहे, तो बाईच्या आवाजात आल्यावर दाखला उरतच नाही, ती हकिगत होते. तुकोबांनी तो पुरुषाच्या तोंडून लिहिला. चारशे वर्षं बहुतांशी पुरुषांनीच टाळावर म्हटला. खळ्यांनी टाळ काढून घेतले तेव्हा त्यातली मुलगी ऐकू आली. गावातल्या महिला भजनी मंडळांना हे पुरुषांच्या आधी उमगलेलं दिसतं. त्या तो अभंग खळ्यांच्याच चालीत म्हणू पाहतात. हरकती गळतात, पट्टी खाली येते, शेवटच्या चरणाला सूर डळमळतो. पण त्या म्हणतात. मागंही म्हणतात. पुरुषांच्या बैठकीत जी चाल ‘ऐकायची’ ठरली होती, ती शेजारच्या देवळात केव्हाच ‘म्हणायची’ होऊन बसली आहे, आणि याची दाद घ्यायला त्यांना कुणी मंडपामागच्या बैठकीत बोलावलेलं नाही.

आता तरुण पोरं स्वतःच अल्बम करतात. पिरंगुट ते कोथरूड अंतर ते किती; तिथं तासाच्या भाड्यानं छोटे स्टुडिओ मिळतात. शब्द मित्राचे, चाल स्वतःची, पखवाज सॉफ्टवेअरमधला, आणि चित्रीकरणात धरणाच्या पाण्यावरून फिरणारा ड्रोन हवाच. यातलं पुष्कळ कामचलाऊ असतं. पण त्यातला एखादा मुलगा चाल बांधताना धृपदाला जागा ठेवतो, मागचे आवाज म्हणून गावातल्याच टाळकऱ्यांना गाडीत घालून नेतो, आणि ते गाणं त्या वर्षीच्या सप्ताहात ऐकू येतं. त्याचे चाहते म्हणजे त्याचं गाव.

घोटाळा होतो तो पुढं. सप्ताहाचं भजन कुणी मोबाइलवर टिपून यूट्यूबवर चढवतं, आणि दोन दिवसांत कुठल्याशा कंपनीचा दावा येतो, की हे गाणं आमचं आहे. मंडळी चक्रावतात. गाणं तर पारंपरिक! कायद्याचं उत्तर दोन तुकड्यांत आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणं खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणं म्हटलं तर तो भंग होत नाही; म्हणजे मंडपात खेबुडकर म्हणा, गदिमा म्हणा, कुणी अडवणार नाही. पण ते टिपून प्रसारित करणं ही निराळी बाब. शब्दांचा हक्क कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं राहतो. गदिमा १९७७ च्या डिसेंबरात गेले, खेबुडकर २०११ मध्ये. हिशेब ज्याचा त्यानं करावा; पारंपरिक व्हायला दोघांनाही अवकाश आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराला मानधनातला वाटा नाकारता येत नाही, ही त्यातली चांगली गोष्ट. खोऱ्यातल्या लोकांना मात्र या निमित्तानं पहिल्यांदाच कळतं, की ज्याला आपण देवाचं समजत होतो ते गाणं कुणा मास्तरानं कोल्हापुरात बसून लिहिलं होतं.

सप्ताहाची पत्रिका कधी नीट वाचलीत? तिच्यात नाव नाही असा माणूस सापडणं कठीण. कीर्तनकार सात, प्रवचनकार सात, व्यासपीठ चालक, गायनाचार्य, मृदंगाचार्य, विणेकरी, चोपदार. दररोजचे अन्नदाते, चहाचे वेगळे, नाश्त्याचे वेगळे. मंडपवाला, साउंडवाला, फुलांचा हार देणारा, पाण्याचा टँकर पाठवणारा, शुभेच्छुक म्हणून बालगोपाळांपर्यंत सगळे. लाखभर ओव्यांच्या त्या संग्रहातसुद्धा ओवीगणिक म्हणणारीचं नाव आणि गाव नोंदवलेलं आहे. तेव्हा पत्रिकेच्या एखाद्या कोपऱ्यात, साउंड सर्व्हिसच्या वर किंवा खाली, ‘गीतरचना’ म्हणून एक ओळ घालायला काय हरकत आहे, असं मी बैठकीत सुचवून पाहिलं. चर्चा लांबली. संतांची नावं त्यात घालायची की नाहीत इथं अडली, मग छपाईचा खर्च निघाला, मग कुणीतरी दत्ता पाटील कुठले म्हणून विचारलं, आणि तेवढ्यात काकड्याची वेळ झाली.